समुद्र डाव्या हाताला

आयर्लंडला जाऊन आलेल्या एखाद्या गृहस्थाभोवती चार प्रवासेच्छु मंडळी जमली, की त्यांतील कोणीतरी हटकून विचारतो : "आठ दिवसांची रजा आहे, आठ माणसे आहोत, दोन मोटारी घेऊ, सगळा पश्चिम किनारा एका दमात होईल ना?" प्रश्न वरवर पाहता रास्त आहे. आयर्लंडचे अखंड बेट विस्ताराने महाराष्ट्राच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढे आहे, आणि नैर्ऋत्येच्या मिझन हेडपासून उत्तरेच्या मॅलिन हेडपर्यंत सरळ रेषा ओढली तर ती ५०० किलोमीटरही भरत नाही. पण याच किनाऱ्याला धरून कॉर्क परगण्यातील किन्सेल गावापासून डोनेगॉल परगण्याच्या उत्तर टोकापर्यंत जाणारा जो मार्ग आयरिश पर्यटन खात्याने २०१४ साली 'वाइल्ड अटलांटिक वे' या नावाने जाहीर केला, त्याची लांबी सुमारे २,५०० किलोमीटर आहे. हे अंतर पाचपट का व्हावे, याचे उत्तर नकाशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मिळते. तेथे मिझन, शीप्स हेड, बेरा, आयव्हराह आणि डिंगल अशी पाच द्वीपकल्पे एकाखाली एक समुद्रात शिरलेली आहेत, आणि किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्याला प्रत्येकाच्या टोकापर्यंत जाऊन दुसऱ्या अंगाने परत यावे लागते. तेव्हा मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. ते नाही कसे, आणि मग आठ दिवसांत करावे काय, हा या प्रकरणाचा विषय.

१. किलोमीटर आणि तास

किनारी प्रवासाची आखणी करणाऱ्याने प्रथम किलोमीटर हे माप बाजूला ठेवावे आणि तास हे माप हाती घ्यावे. उदाहरणार्थ, आयव्हराह द्वीपकल्पाला वळसा घालणारा 'रिंग ऑफ केरी' हा सुप्रसिद्ध रस्ता घ्या. किलार्नीहून निघून केनमेअर, स्नीम, वॉटरव्हिल, कॅहरसिव्हीन आणि किलॉर्ग्लिन या गावांवरून पुन्हा किलार्नीस येणारे हे वर्तुळ १७९ किलोमीटरांचे आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाची सवय असलेला वाचक मनातल्या मनात त्याला अडीच तास देऊन टाकतो. परंतु वळणे, गावे, पुढे चाललेला ट्रॅक्टर आणि रस्ता ओलांडणाऱ्या मेंढ्या यांचा हिशेब धरता ताशी ४५ किलोमीटरांहून अधिक सरासरी येथे धरू नये, असे माझे मत आहे. म्हणजे नुसते चालविण्याचे चार तास झाले. वाटेत प्रत्येकी पंचवीस मिनिटांचे सहा थांबे घेतले तर अडीच तास, आणि दुपारच्या जेवणाचा एक तास, एकूण साडेसात.

हा हिशेब एका मोटारीचा झाला. सामुदायिक प्रवासाची रीत पंगतीसारखी असते : पानावरचा शेवटचा गृहस्थ ताकभात संपवीपर्यंत पहिल्याला उठता येत नाही. एकाला छायाचित्र घ्यावयाचे असते, दुसऱ्याला चहा हवा असतो, तिसऱ्याचा स्वेटर मागच्या गाडीत राहिलेला असतो. या साऱ्यापायी आठ माणसांच्या मेळ्यात दर थांब्यामागे दहा मिनिटे अधिक धरणे भाग आहे. सहा थांब्यांचा एक तास मिळवला की दिवस साडेआठ तासांचा होतो, आणि सकाळी आठला निघालेली मंडळी साडेचारला परत येतात.

यावरून एक ढोबळ नियम बसविता येतो. किनारी रस्त्याच्या किलोमीटरांना ४५ ने भागावे आणि येणाऱ्या तासांची दुप्पट करावी. तोच त्या दिवसाचा खरा आकडा. हा नियम संपूर्ण २,५०० किलोमीटरांना लावला तर चालविण्याचे सुमारे ५५ तास, दुप्पट केल्यावर ११० तास, आणि दिवसाला आठ तास दिले तरी चौदा दिवस होतात. तेही एकही दिवस एका जागी न राहता.

२. रस्त्यांच्या चार जाती

आयर्लंडच्या प्रजासत्ताकात रस्त्याच्या क्रमांकाआधी येणारे रोमन अक्षर हे त्या रस्त्याची जात सांगते. 'एम' म्हणजे मोटारमार्ग, त्यावर कमाल वेग ताशी १२० किलोमीटर; 'एन' म्हणजे राष्ट्रीय रस्ता, तेथे सामान्यतः १००; 'आर' म्हणजे प्रादेशिक रस्ता, तेथे ८०; आणि 'एल' म्हणजे स्थानिक ग्रामीण रस्ता, तेथील सर्वसाधारण मर्यादा पूर्वी ८० होती ती ७ फेब्रुवारी २०२५ पासून ६० करण्यात आली आहे. वस्तीत ५० ही मर्यादा गृहीत धरावी. पाटीवरचा आकडा ही केवळ कायद्याची परवानगी असते. प्रादेशिक रस्त्यावर दोन्ही बाजूंना छातीइतक्या दगडी भिंती किंवा फ्यूशियाची कुंपणे, पुढे आंधळे वळण आणि समोरून दुधाचा टँकर, अशा ठिकाणी ८० ची मुभा वापरण्याचे धाडस स्थानिक माणसाखेरीज कोणी करू नये. स्थानिक रस्त्यांपैकी कित्येक तर एकाच गाडीच्या रुंदीचे, मधोमध गवताची पट्टी उगवलेले असे असतात. समोरासमोर आल्यावर ज्याच्या मागे रुंद जागा अधिक जवळ असेल त्याने मागे घ्यावे, हा तेथील शिरस्ता. वाट दिल्यावर चाकावरून एक बोट उचलून आभार मानण्याची पद्धतही उचलण्याजोगी आहे.

हे रस्ते इतके अरुंद आणि तरीही इतक्या दुर्गम जागी का गेले आहेत, याला थोडा इतिहास आहे. पश्चिमेचा पुष्कळ मुलूख एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चाकाच्या गाडीला अपरिचित होता. कॉनेमारातील रस्ते व धक्के अलेक्झांडर निमो या स्कॉटिश अभियंत्याने १८२० नंतरच्या दशकात आखले. पुढे १८४५ साली बटाट्याचे पीक रोगाने गेले, लागोपाठच्या वर्षांत महादुष्काळ पडला, आणि सरकारने उपाशी माणसांना मजुरी देण्यासाठी सार्वजनिक कामे काढली. त्यांत रस्त्यांची कामे विपुल होती. केरी आणि कॉर्क या परगण्यांच्या हद्दीवरील हीली पास हा घाट १८४७ साली अशाच दुष्काळी कामात सुरू झाला, अर्धवट पडून राहिला, आणि १९३१ च्या सुमारास, आयरिश फ्री स्टेटचे पहिले गव्हर्नर-जनरल टिम हीली यांच्या आग्रहामुळे पुरा होऊन त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या आठवणी ज्या मराठी घरांत आहेत, त्यांना अशा रस्त्याचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही. मेयो परगण्यातील डूलॉक खोऱ्याचा रस्ता तर आणखी दारुण आहे : १८४९ च्या मार्चअखेर लुईसबर्ग येथील शेकडो उपाशी माणसे, मदतीस पात्र आहोत हे अधिकाऱ्यांसमोर सिद्ध करण्यासाठी, याच खोऱ्यातून डेल्फी लॉजपर्यंत चालत गेली, आणि त्यांतील कित्येक येता-जाता वाटेवर मेली. तळ्याकाठी एक साधा दगडी क्रूस आहे. तेथे पाच मिनिटे उतरावे. छायाचित्राचा आग्रह नसला तरी चालेल.

३. कोणत्या अंगाने जावे

आयर्लंडात वाहने आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या अंगाने चालतात, ही भारतीय चालकाची मोठी सोय आहे. तिचा एक लाभ मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे गेले तर समुद्र डाव्या हाताला, म्हणजे आपल्याच मार्गिकेच्या बाजूला राहतो. दृश्य पाहण्यासाठीच्या थांब्याच्या जागेत शिरताना व बाहेर पडताना समोरची वाहतूक कापावी लागत नाही, आणि डाव्या आसनावरच्या माणसाला मधे काही न येता पाणी दिसते. हेच तत्त्व द्वीपकल्पाच्या फेरीला लावले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जावे, असा निष्कर्ष निघतो. डिंगल गावाहून निघून तेथेच परत येणाऱ्या, सुमारे ४७ किलोमीटरांच्या स्ली हेडच्या फेरीला तर हीच दिशा सर्वजण सुचवितात, कारण कड्याच्या कडेचा तो रस्ता इतका चिंचोळा आहे की उलट दिशेने येणारा स्वतःही अडतो आणि दुसऱ्यांनाही अडवितो. याच फेरीत समोर ब्लॅस्केट बेटे दिसतात; त्यांवरील शेवटच्या मूठभर रहिवाशांना सरकारने १९५३ साली मुख्य भूमीवर आणले.

रिंग ऑफ केरीवर मात्र पेच आहे. प्रवासी कंपन्यांच्या मोठ्या बसगाड्या सकाळी किलार्नीहून निघून काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे किलॉर्ग्लिनकडून जातात. त्यांच्या दिशेने गेलात तर दिवसभर बसची मागची काच पाहावी लागते. विरुद्ध गेलात तर अरुंद वळणावर त्या समोर येतात. दोन्ही पक्षांचे समर्थक हिरिरीने वाद घालतात. माझा कौल काट्यांच्या दिशेला आहे, पण एका तजविजीसह : सकाळी आठच्या आत केनमेअरकडून निघावे, दुपारच्या आधी वॉटरव्हिलपर्यंत पोचावे, आणि बसगाड्या येण्याच्या वेळेस मुख्य रस्ता सोडून बॅलिनस्केलिग्ज व पोर्टमगीकडे जाणाऱ्या स्केलिग रिंगवर वळावे. तो रस्ता मोठ्या बसगाड्यांच्या आवाक्यातला नाही. कॅहरसिव्हीनला मुख्य रस्त्यावर परत येईपर्यंत बसगाड्या निघून गेलेल्या असतात, आणि या दीड-दोन तासांत स्केलिगच्या खडकांचे द्वीपकल्पावरून मिळणारे सर्वोत्तम दर्शनही पदरात पडते.

त्या खडकांपैकी स्केलिग मायकेलवर उतरावयाचे असल्यास गोष्ट वेगळी. १९९६ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेल्या या बेटावर दिवसाला १८० माणसांनाच उतरू देतात, हंगाम मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचाच असतो, आणि समुद्र खवळला की होडी सुटत नाही. वर ६१८ उघड्या दगडी पायऱ्या आहेत, कठडा नाही. ज्यांना जाणे झेपते त्यांनी महिनोन्महिने आधी जागा राखावी, उरलेल्यांनी त्या दिवशी व्हॅलेन्शिया बेट पाहावे, जेथून १८५८ साली अटलांटिक महासागराखालची पहिली तार टाकली गेली. सर्वांनी सर्व काही एकत्रच पाहावे, हा आग्रह सामुदायिक प्रवासातल्या निम्म्या कुरबुरींचे मूळ असतो.

४. मोटारी, चालक आणि कागद

आठ माणसांसाठी एकच नऊ आसनी गाडी घ्यावी की दोन लहान, याविषयी मी निःशंकपणे दोन लहान गाड्यांच्या बाजूचा आहे. मोठी गाडी स्थानिक रस्त्यांवर कुंपणांना घासते, किनाऱ्यावरच्या लहान वाहनतळांत मावत नाही, आणि डिंगलच्या उत्तरेकडील कॉनर पाससारख्या घाटात दोन टनांहून जड वाहनांना मज्जावच आहे. प्रत्येक गाडीत चारच माणसे बसवावी, म्हणजे सामान मागच्या कप्प्यात मावते, आणि प्रत्येक गाडीला दोन चालक नोंदवावे. भाड्याच्या गाड्यांत हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या अजून पुष्कळ असतात. स्वयंचलित हवी असेल तर ती महाग पडते आणि लवकर सांगावी लागते.

भारतीय चालकाचा पक्का परवाना तात्पुरत्या भेटीत बारा महिन्यांपर्यंत चालतो. तरी आपल्या आर.टी.ओ.कडून एक वर्षाच्या मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून मूळ परवान्याबरोबर ठेवावा, कारण भाड्याने गाडी देणारे तो मागू शकतात. विम्याचे कलम मात्र बैठक मारून वाचावे. मूळ भाड्यातल्या विम्यात नुकसानीची पहिली ठरावीक रक्कम भाडेकऱ्यावर असते, तेवढे पैसे मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवले जातात, आणि टायर, काचा, आरसे व गाडीचा तळ ही अनेकदा विम्याबाहेर असतात. नेमके आरसे आणि टायर हेच अवयव कुंपणांच्या आणि दगडी भिंतींच्या रस्त्यावर प्रथम बळी पडतात. पंपावर हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची. डब्लिनभोवतालच्या एम-५० मार्गावर टोलनाका दिसत नाही, पण टोल असतो. भाड्याच्या गाडीत तो आपोआप भरला जाणार की दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत आपण भरावयाचा, हे गाडी घेतानाच विचारावे. मद्याची मर्यादा भारताहून थोडी सैल, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे. चालकाने ती शून्य मानावी हे बरे.

५. ताफा करू नये

दोन-तीन गाड्या एकमेकींना चिकटून चालल्या की मागच्या स्थानिक माणसाला पुढे जाता येत नाही. त्याला दवाखाना किंवा दूधडेअरी गाठावयाची असते, आणि आपण खिडकीतून मेंढ्या मोजत असतो. म्हणून ताफा न करता भेटीच्या जागा ठरवाव्यात : प्रत्येक तास-दीड तासाच्या टप्प्यावर एक, आणि ती 'गावात' अशी मोघम न ठरवता 'चर्चमागच्या वाहनतळावर' अशी नेमकी ठरवावी. दुसरा नियम वळणाचा. मुख्य रस्ता सोडून वळणाऱ्या गाडीने मागची गाडी आरशात दिसेपर्यंत सुरक्षित जागी थांबावे; म्हणजे प्रत्येक गाडी फक्त आपल्या मागच्या एकीची जबाबदारी घेते, आणि फोनला संकेत नसलेल्या खोऱ्यातही कोणी हरवत नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा आणि गावांची इंग्रजी व आयरिश अशी दोन्ही नावे कागदावर लिहून घ्यावी, कारण डिंगल द्वीपकल्पाच्या व कॉनेमाराच्या आयरिशभाषक भागांत पाट्या केवळ आयरिशमध्ये असतात आणि ते नाव आपल्या यादीतल्या नावाशी जुळेलच असे नाही. मागे वाहने साचली तर रुंद जागा येताच डावीकडे घेऊन त्यांना सोडावे.

६. उजेड, पाऊस, मुक्काम

जूनअखेर गॉलवेला सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवून रात्री दहानंतर मावळतो. डिसेंबरात तो पावणेनऊला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. साडेआठ तासांच्या ज्या दिवसाचा हिशेब आपण वर केला, तो हिवाळ्यात बसतच नाही. पावसापासून मात्र कोणताच महिना मुक्त नाही : पश्चिम किनाऱ्यावर वर्षाचे सुमारे २२५ दिवस ओले असतात. वर्षभराचा एकूण पाऊस सखल भागात १,००० ते १,४०० मिलिमीटर, म्हणजे रत्नागिरीच्या निम्म्याहून कमी. पण तो चार महिन्यांत कोसळून मोकळा न होता वर्षभर थोडाथोडा ठिबकत राहतो. म्हणून प्रत्येक मुक्कामी दोन रात्री असाव्यात. मोहरचे २१४ मीटर उंचीचे कडे आज धुक्यात बुडाले असतील तर उद्या सकाळी पुन्हा जाता येते. एका रात्रीच्या मुक्कामात धुके पाहूनच परतावे लागते.

मे आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वांत पसंत आहेत. जुलै-ऑगस्टात आठ माणसांना एका गावात खोल्या मिळणे दुरापास्त. त्यातही जून व ऑगस्टचा पहिला सोमवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार या सार्वजनिक सुट्ट्यांचे, तसेच १० ते १२ ऑगस्टला किलॉर्ग्लिनला भरणाऱ्या 'पक फेअर'चे दिवस टाळावे. मुले बरोबर असतील तर आणखी एक कायदा ध्यानात ठेवावा : अठरा वर्षांखालील मुलांना पबमध्ये रात्री नऊपर्यंत, मे ते सप्टेंबरात दहापर्यंतच बसता येते, आणि खेड्यांतली स्वयंपाकघरे पुष्कळदा त्याआधीच बंद होतात. शाकाहारी मंडळींनी मुक्कामी पोचण्याआधी फोन करावा आणि गाडीत दशम्या-चटणी असू द्यावी.

७. आठ दिवसांचा आराखडा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विमानाने डब्लिनला उतरल्याच्या दिवशी कोणीही चाक हाती घेऊ नये. ती रात्र डब्लिनलाच काढावी. दुसऱ्या दिवशी मोटारमार्गाने केनमेअर गाठावे, चारेक तासांचे काम आहे. तिसरा दिवस बेरा आणि हीली पासचा किंवा रिंग ऑफ केरीचा, दोन्हींचा नव्हे. चौथ्या दिवशी डिंगल, पाचव्या दिवशी स्ली हेडची फेरी. सहाव्या दिवशी टार्बर्टहून किलिमरला मोटारींसह तरीने शॅनन नदीचे मुख ओलांडावे. वीस मिनिटांचा हा जलप्रवास लिमरिकवरून जाणारा सव्वाशेहून अधिक किलोमीटरांचा वळसा वाचवितो. त्या रात्री व सातव्या रात्री डूलिनच्या आसपास राहावे. मोहरचे कडे, बरनचे चुनखडकाचे पठार आणि ब्लॅक हेडचा रस्ता तेथून जवळ आहेत. आठव्या दिवशी गॉलवेवरून एम-६ मार्गाने डब्लिन. यात कॉनेमारा, मेयो, ॲकिल आणि डोनेगॉल राहिले, आणि ते राहू द्यावेत. ज्यांना आणखी पाच दिवस असतील त्यांनी गॉलवेहून पुढे जावे.

८. हद्द

अखेरीस एक गोष्ट, जी भारतीय पारपत्रधारकांना विशेष लागू आहे. बेटाच्या ईशान्य भागातील उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग आहे. अँट्रिमचा किनारी रस्ता आणि १९८६ पासून जागतिक वारशात असलेला जायंट्स कॉजवे त्याच भागात येतात. कॉजवेचे सुमारे ४०,००० स्तंभ बेसाल्टचे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचा खडकही याच जातीचा आणि याच घडणीचा आहे, म्हणून मराठी माणसाला तेथे जाण्याची ओढ वाटणे साहजिक आहे. डोनेगॉलहून तिकडे जाताना रस्त्यावर चौकी नाही, नाकेबंदी नाही. फक्त पाट्यांवरचे वेग मैलांत होतात. पण चौकी नसली तरी कायदा असतो. आयर्लंड शेंगेन व्यवस्थेत नाही, ब्रिटनही नाही, आणि केवळ आयरिश व्हिसावर ही हद्द ओलांडणे बेकायदेशीर ठरते. भारतीय नागरिकांसाठी २०१५ पासून ब्रिटिश-आयरिश संयुक्त व्हिसाची योजना लागू आहे; त्या योजनेचा शेरा ज्या व्हिसावर असेल त्यावर दोन्हीकडे जाता येते, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तेथे प्रथम उतरावे लागते. तेव्हा उत्तरेकडे जाण्याचा विचार असेल तर व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी या योजनेचे चालू नियम पाहावे, हाती आलेल्या व्हिसावर तो शेरा आहे की नाही हे त्याच दिवशी तपासावे, आणि गाडीच्या करारातही हद्द ओलांडण्याची परवानगी लिहून घ्यावी.